हाय-हॅटच्या दांड्या

सोमवार, १२ जानेवारी २००४, शिरूर

क्लासच्या मालकांनी गेल्या वर्षीच्या उरलेल्या डायऱ्या वाटल्या, त्यातली ही एक. जाड काळा पुठ्ठा, आत सगळे वार चुकीचे. म्हणजे रोज आधी खोडायचं आणि मग लिहायचं. आमच्या वाट्याला कोरं काही येतच नाही. असो.

लिहायला बसले कारण कुणाशी तरी बोलायला हवं. काल दौंडहून साहेबराव आप्पा आले होते, महेंद्रचे मामा. (वहीत मी नवऱ्याला नावानं लिहिणार. तोंडानं घ्यायची सोय नाही, निदान पेनानं तरी घेऊ.) आप्पा रेल्वेतून रिटायर झालेत आणि तीस वर्षं जयंतीला भीमगीतं गातात. यंदा चौदा एप्रिलला मंडळाची सीडी काढायची म्हणतात. चार गाणी. पेटी, ढोलकी, कोरस सगळं आहे, ड्रमसेट तेवढा नाही. तो दोन वर्षांपूर्वी टेम्पोतून पडून मोडला. आणि वाजवणारे महेंद्र, ते शिफ्टमध्ये मोडले. रांजणगावला कंपनीत प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या मशीनवर लागले तेव्हापासून मंडळ सुटलं ते सुटलंच.

आप्पा म्हणाले, "पुन्यात एक जन हाय, कॉम्प्युटरवर ड्रम करून देतो. मानूस लागत न्हाई."

यावर महेंद्र पटकन म्हणाले, "आप्पा, राजश्री कॉम्प्युटर शिकिवती. आमीच करतो की."

आम्ही म्हणजे मी. सकाळी डबा, नऊ ते सहा क्लासात पोरांना टायपिंग आणि टॅली, घरी आल्यावर भाकरी, आणि आता ड्रम. मी "अहो" म्हणेपर्यंत ठरून गेलं होतं. वीस मार्चपर्यंत बीट आप्पांच्या पसंतीला उतरला तर सीडीच्या कव्हरवर छापणार, "ताल : महेंद्र ओव्हाळ". नाही उतरला तर पुण्याचा माणूस.

महेंद्रचा चेहरा मी बघितला. सात वर्षांपूर्वी यवतला आमच्या वस्तीत ड्रमच्या मागं बसलेला हा चेहरा बघितला होता आणि घरी सांगितलं होतं की करीन तर याच्याशीच. त्यानंतर तो चेहरा काल दिसला. म्हणून गप्प बसले.

रविवार, १८ जानेवारी

क्लासमधल्या सरांनी बीटच्या सॉफ्टवेअरची सीडी दिली, ती घरच्या कॉम्प्युटरवर टाकली. पडद्यावर एका ओळीत सोळा चौकटी. ज्या चौकटीवर क्लिक करू तिथं ठोका पडतो. एक ओळ पायाच्या मोठ्या ड्रमची, एक स्नेअरची, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमची, एक हाय-हॅटची, एक राईडची. दिसायला सारीपाट. मला वाटलं, एवढंच? तासाभरात उरकते.

हाय-हॅट म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन थाळ्या. पायानं मिटायच्या, उघडायच्या, वरून स्टिकनं ठोकायचं. गाण्यात सगळ्यात बारीक आवाज तिचाच, चिक् चिक् चिक्, आणि महेंद्र म्हणतात की सगळं गाणं तिच्या पाठीवर बसून चालतं. राईड म्हणजे बाजूची मोठी थाळी, कडवं रंगात आलं की हाय-हॅट सोडून हात तिच्यावर जातो.

मी सोळाच्या सोळा चौकटी भरल्या. वाजवलं. आमच्या क्लासमध्ये नवी पोरं ए-एस-डी-एफ बडवतात तसा आवाज. महेंद्र फर्स्ट शिफ्ट करून आले होते, भिंतीला टेकून बघत होते. पडद्याकडं बघून हसायलाच लागले.

"ह्याला तीन हात हायेत व्हय गं?"

मी म्हटलं, का?

"हितं बघ. एकाच चौकटीत स्नेअर, हाय-हॅट आन् राईड. स्नेअरला डावा गेला, हाय-हॅटला उजवा गेला. राईड काय नाकानं वाजिवनार?"

खरंच की. मशीनला हात नाहीत, म्हणून मशीनला कळत नाही. माणसाला दोनच, हे आधी डोक्यात ठेवायचं. सगळं खोडलं. आजचा दिवस पाण्यात.

रविवार, २५ जानेवारी

एक शिकले. प्रत्येक ठोक्याखाली पडद्यावर एक छोटी उभी दांडी असते. दांडी उंच तर ठोका जोरात, बुटकी तर हळू. मी सगळ्या सारख्या उंचीच्या ठेवल्या होत्या, म्हणून ती टायपिंग क्लासची गत.

महेंद्रनी माझ्या मनगटाला धरून दाखवलं. "हात खाली येतो तवा जोरात लागतो. वर जाता जाता नुसता चाटून जातो. एक मोठा, एक ल्हान. आन् समदे मोठे बी सारखे नसत्यात. मानूस हाय, दमतो."

दमतो म्हणे. दमण्याचं मला कुणी शिकवायला नको. सकाळी पाचला उठून दोन तास दांड्या ओढल्या, चौसष्ट दांड्या, एकेक माऊसनं. आता बरं वाजतंय. पण त्यांचं समाधान नाही. "हाय-हॅट मागं ऱ्हायली. वाढव जरा."

वाढवली.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

डाळ जळली. मी नळावर पाण्याच्या रांगेत होते, महेंद्र कुकरपासून चार हातांवर बसून पेपर वाचत होते. मी त्यांना सांगून गेले होते की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. शेजारच्या भामाबाईंनी नळावर मला विचारलं, काय गं, आज किती शिट्ट्या? त्यांना तिथं ऐकू आल्या आणि यांचं लक्ष नाही. घरात आले तर धूर. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते म्हणाले, "वाजलाच न्हाई." पुन्हा वर तोंड करून.

नोकरी करणारी बायको हवी, पण डाळीकडं बघायचं म्हटलं की नवरेपणा आडवा येतो.

रविवार, ८ फेब्रुवारी

सॉफ्टवेअरमध्ये एक बटण सापडलं. दाबलं की सगळ्या दांड्या आपोआप कमी-जास्त होतात. वाटलं, सुटलो बाई. वाजवून बघितलं तर दारू पिऊन जिना उतरणारा माणूस. कुठंही जोर, कुठंही ढिला. वेडंवाकडं म्हणजे खरं नव्हे, हे आज कळलं. हात चुकतो पण त्याच्या त्याच्या रीतीनं चुकतो. परत हातानं दांड्या.

महेंद्रना ऐकवलं. स्पीकरला कान लावून बसले होते. "ड्रम झ्याक. हाय-हॅट मेली हाय. जीव न्हाई तिच्यात. वाढव की."

"अहो, आणखी किती? माझ्या दातांत जातेय ती."

"मी वाजिवली का तू?"

वाढवली. त्यांनीच वाजवलीय, मी कोण बोलणारी.

रविवार, १५ फेब्रुवारी

दौंडला जाऊन आले. एकटीच, त्यांना ओव्हरटाइम. न्हावरा, चौफुला करत एसटीनं हाडं खिळखिळी. आप्पांनी मोठ्या स्पीकरवर सीडी लावली आणि दोन ओळी होतात न होतात तोच बंद केली.

"पोरी, ही काचा फोडल्यागत काय वाजतंय?"

"हाय-हॅट आहे, आप्पा."

"आगं मग माज्या गाण्याच्या डोक्यावर का बसलीय ती? म्हेंद्रानं ऐकलं का हे?"

मी म्हटलं, त्यांनीच वाढवायला सांगितली. आप्पा माझ्याकडं असे बघत राहिले, जसं काही मी खोटं बोलतेय. मग म्हणाले, "बारा वरसं माज्या मागं वाजिवलं त्यानं. कवा गाण्याच्या म्होरं गेला न्हाई. तुजं काय तरी चुकतंय." आणि पुण्याच्या माणसाचा नंबर लिहिलेला कागद चष्म्याच्या घरातून काढून पुन्हा आत ठेवला. मला दिसावा म्हणूनच काढला असणार.

परतीच्या गाडीत डोळ्यांत पाणी आलं. माझी चूक असेल तर असू दे. पण नक्की कोणती, ते तरी कुणी सांगावं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आप्पांचं म्हणणं सांगितलं तर महेंद्र म्हणाले, "आप्पाचं वय झालंय. कान गेला त्यांचा." आणि विषय संपला.

हल्ली असंच. बोलायला गेलं की अर्ध्यावर मान फिरवतात. मागून हाक मारली तर ढिम्म. आज मोरीतून तीनदा "अहो" केलं, टॉवेल द्या म्हणून. चौथ्यांदा ओरडले तर म्हणतात, "वराडती कशाला?" सकाळी घड्याळाचा अलार्म उशाशी टीटी टीटी करत होता, हे पालथे पडून घोरतायत. मीच उठवलं. परवा मी माहेरी यवतला होते त्या दिवशी तर कंपनीची बसच चुकली म्हणे.

आणि आमच्या सासूबाई, पार्वतीबाई, त्यांचं आणखी वेगळं. त्या लेकाला हाक म्हणून मारत नाहीत. जेवायला बोलवायचं तर हातातलं काम टाकून उठतात, जवळ जातात, खांद्याला हात लावतात. बत्तीस वर्षांचा घोडा आणि एवढे लाड. मग बायकोची हाक कशाला ऐकू येईल?

आमच्यात काहीतरी बिघडलंय. ड्रम हे निमित्त.

मंगळवार, २ मार्च

कामाचं लिहिते, तेवढंच हातात आहे.

राईड बसली. थाळीच्या कडेवर वेगळा आवाज, मधल्या टेंगळावर वेगळा, खणखणीत. सगळे ठोके टेंगळावर घेतले तर शाळेची घंटा होते. महेंद्रनी सांगितल्याप्रमाणं चार कडेला आणि एक टेंगळावर. दुसरं असं की माझी उघडी हाय-हॅट वाजत असतानाच मिटलेलीही वाजत होती, म्हणजे पाय एकाच वेळी वर आणि खाली. ते जुळवलं, मिटली की उघडीचा आवाज तुटतो. आणि काही ठोके केसभर मागं ओढले. एवढ्यानं गाणं घाई करायचं थांबलं.

पण उंचीचं भांडण तसंच. महेंद्रना हवी तेवढी केली की आप्पांच्या काचा फुटतात, आप्पांसारखी केली की महेंद्रसाठी मेली. मग मी लबाडी केली. दोन फायली ठेवल्या. एकीचं नाव "दौंड", दुसरीचं "घर". ज्याची त्याला ऐकवायची. संसारात तरी दुसरं काय करतो आपण?

रविवार, ७ मार्च

आज मी दोन दिवसांसाठी बोलणं बंद केलंय. कारण लिहून ठेवते, नंतर म्हणायला नको की उगाच.

सकाळी "घर" फाईल लावली. महेंद्र पडद्यासमोर बसले, सरकत्या रेघेकडं बघत मांडीवर बोटं वाजवत होते. अगदी बरोबर, एक मोठा, एक लहान. गाणं संपलं. म्हणाले, "आता जमलं बघ. हाय-हॅट आशी पायजे. आता हात लावू नगंस."

मला इतकं बरं वाटलं की चहा टाकला. चहा पिता पिता पडद्याकडं लक्ष गेलं तर हाय-हॅटच्या ओळीचा हिरवा दिवा बंद. काल बाकीचं तपासताना मीच बंद केला होता. म्हणजे हाय-हॅट वाजलीच नव्हती! एक ठोकाही नाही. आणि यांना जमलं!

म्हणजे ऐकतसुद्धा नाहीत. बायको बसलीय डोळे फोडत, म्हणू या जमलं, सुटू या. दोन महिने पहाटे पाचला उठतेय मी. एवढा राग मला डाळीचाही आला नव्हता.

रविवार, १४ मार्च

दोन दिवसांचे आठ दिवस झाले. आज मीच म्हटलं, या, बसा. मनात पक्कं होतं की आज यांना रंगेहाथ पकडायचं. पडदा माझ्याकडं वळवून घेतला, त्यांना दिसू नये असा. बाकी सगळ्या ओळी बंद केल्या. फक्त हाय-हॅट चालू ठेवली आणि लावली.

चिक् चिक् चिक् चिक्.

महेंद्र गुडघ्यांवर हात ठेवून बसले. माझ्याकडं बघतायत. मी त्यांच्याकडं बघतेय. आठ ठोके, सोळा ठोके.

"लाव की," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. मी आवाज वाढवला. मग पूर्ण वाढवला. भामाबाई ओट्यावरून आत डोकावल्या, "काय गं हे, कानठळ्या बसल्या." महेंद्र भामाबाईंकडं वळून बघत होते, त्या का आल्या म्हणून.

"राजश्री, सुरू कर ना. शिफ्टला जायाचंय."

मी म्हटलं, "चालूच आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. ओठांकडं. आणि तेव्हा मला दिसलं की गेले कित्येक महिने ते माझ्या ओठांकडंच बघून बोलतायत. मी त्यांचा हात धरून स्पीकरच्या जाळीवर ठेवला. तिथं त्यांच्या बोटांना लागली ती. मग म्हणाले, "मला वाटलं तुजा स्पीकर फुटका हाय."

कुकर. अलार्म. मोरीतून मारलेल्या हाका. मी यांना काय काय म्हटलं मनात, माजोरी म्हटलं, घोडा म्हटलं, या वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. मागची पानं वाचवत नाहीत. लाज वाटते मला.

सोमवार, १५ मार्च

सासूबाई भाकरी थापत होत्या. मी विचारलं, आई, तुम्हाला माहीत होतं?

"व्हय. दिवाळीपास्नं. मागनं हाक मारली तर वळंना. मोठं बोललं की समजतंय, बारीक आवाज जातोय."

"मग मला का नाही सांगितलं?"

त्यांनी भाकरी उलटली. "मला वाटलं तुला ठावं आसंल. बायकू हायेस त्येची."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी महेंद्रना विचारलं, कंपनीत कानात घालायला काही देत नाहीत का? देतात म्हणे. पिवळे प्लग, दोरीचे, सगळ्यांना. बाकीचे घालतात. हे शर्टाच्या खिशात ठेवतात.

"का पण?"

खाली बघून म्हणाले, "प्रेसचा ताल असतो गं. धाड्... ठक्, धाड्... ठक्. ड्रम सुटल्यावर मी त्याच्यावरच हात चालू ठिवला. मनातल्या मनात हाय-हॅट भरायचो त्यात, आठ तास. प्लग घातला की ताल जातो."

दोन वर्षं. कारखान्यात सगळे कान झाकून घेतात आणि माझा नवरा ड्रम विसरू नये म्हणून उघडे ठेवतो. मी चिडू का रडू, मला समजेना. दोन्ही केलं.

बुधवार, १७ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले, कागदावर आलेख काढून दिला. खालचे जाड आवाज शाबूत. आवाज बारीक होत जाईल तसा आलेख घसरत जातो आणि जिथं हाय-हॅट असते, कुकरची शिट्टी असते, तिथं खड्डा. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही. राहिलंय ते सांभाळा.

महेंद्रनी विचारलं, "पंधरा-वीस टक्के तरी?" डॉक्टरांनी मानेनंच नाही म्हटलं.

एसटी स्टँडवर येऊन बाकड्यावर बसलो. मग महेंद्र म्हणाले, "आप्पांना फोन कर. म्हनावं पुन्याचा मानूस घ्या. ज्याला हाय-हॅट ऐकू येत न्हाई त्यानं ताल म्हनून नाव लावायचं व्हय? लोक थुकतील."

गुरुवार, १८ मार्च

फोन केला नाही. सकाळी त्यांच्यासमोर बसले, ओठ नीट दिसतील असं, आणि सांगितलं, "दोन महिने मी दांड्या ओढत बसले ते पुण्याच्या माणसासाठी नाही. तुम्हाला ऐकू येत नाही ना? ठीक. हाताला येतं का?"

क्लासचा माईक घरी आणला होता. ही वही उलटी करून टेबलावर ठेवली, वर जाड काळा पुठ्ठा. हातात दोन पेन्सिली दिल्या. पायाच्या ड्रमची ओळ लावली, ती त्यांना चांगली ऐकू येते. म्हटलं, डोळे मिटा, दौंडचा मांडव आहे, आप्पा पुढं उभे आहेत. सगळं गाणं मनात म्हणत हाय-हॅट वाजवा. या पुठ्ठ्यावर.

आधी नको नको केलं. मग खांदे सैल सोडले आणि सुरू झाले. देवा रे! म्हणजे देवाला आम्ही मानत नाही, पण तोंडात आलं. तोच माणूस. सात वर्षांपूर्वीचा.

पडद्यावर प्रत्येक ठोक्याचा डोंगर उमटला. मी फूटपट्टी काढली आणि काचेवर लावून एकेक डोंगर मोजला, जेवढा डोंगर तेवढी दांडी. जो केसभर मागं, तो मागं. क्लासला कळवलं, ताप आलाय. दुपारी लोडशेडिंगमध्ये तेवढी जेवले.

एका जागी अडखळले. गाण्याच्या दर चौथ्या ओळीच्या शेवटी एक ठोका गायबच. मी म्हटलं, इथं सोडलात. ते म्हणाले, "छ्या, मी न्हाई सोडत." पुन्हा वाजवायला लावलं. पुन्हा तिथंच गायब. तिसऱ्यांदा तेच. त्यांनाच नवल. मी ती चौकट भरणार होते, मग म्हटलं, राहू दे. तुमच्या हातानं सोडलंय, तर रिकामी.

वहीच्या पुठ्ठ्यावर बारीक खड्डे पडलेत. दांड्यांची उंची मी ठरवली नाही, त्यांनीही नाही. आता ऐकायला आप्पा.

शनिवार, २० मार्च

दोघंही दौंडला गेलो. महेंद्र दाराशीच उभे राहिले, आत येऊन बसले नाहीत. आप्पांनी सीडी लावली, डोळे मिटले, हळूच गुणगुणत गायला लागले. मी त्यांच्या कपाळाकडं बघत होते. आठी पडते का, एवढंच.

चौथ्या ओळीच्या शेवटी आप्पा गाता गाता थांबले, डोळे उघडले. मला वाटलं, संपलं. त्यांनी उठून गाणं मागं नेलं, पुन्हा तीच जागा.

"ही जागा कुनी सोडली?"

मी म्हटलं, यांनी. त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

आप्पा दाराकडं वळले. "म्हेंद्रा, आरं हितं मी दम घेतो. तीस वरसं हितंच घेतोय. तेवढी जागा तू बारा वरसं मला सोडत आलास, व्हय रं?" आणि मोठ्यानं, अगदी मोठ्यानं म्हणाले, "ह्यो तुजा हात हाय. पुन्याचा मानूस काय सोडनार माज्या दमाला जागा!"

चष्म्याच्या घरातला कागद काढून त्यांनी पेटीखाली टाकला. पुढच्या जयंतीला नवीन ड्रमसेट आणू, तूच बसायचं, म्हणाले. महेंद्र म्हणाले, "बघू, आप्पा." कानाचं काही बोलले नाहीत. मीही नाही. ते त्यांचं आहे, सांगतील तेव्हा सांगतील.

गुरुवार, १५ एप्रिल

काल दौंडला सीडी निघाली. गर्दी, निळे झेंडे, उकाडा, पायांचे तुकडे. स्टेशनपर्यंत सगळीकडं आमचंच गाणं. कव्हरवर छापलंय, "ताल : महेंद्र ओव्हाळ". मी दोनदा वाचलं. माझं नाव नाही. ठरलंच तसं होतं, तरी जरा लागलं. लागलं म्हणून इथं लिहिलं.

महेंद्र मोठ्या स्पीकरजवळ उभे होते. मला खुणेनं बोलावलं. "वाजती ना? हाय-हॅट?"

मी मान डोलावली.

"कशी वाजती?"

काय सांगायचं? मी म्हटलं, "दमल्यासारखी. माणसासारखी." त्यांनी माझे ओठ वाचले आणि हसले. मग बराच वेळ गर्दीकडं पाठ करून, स्पीकरच्या फळीवर तळवा ठेवून उभे राहिले.

आज पुन्हा फर्स्ट शिफ्ट. पिवळे प्लग आता दोरीनं गळ्यात असतात, रोज बघूनच सोडते. पॅकिंगला बदली मागितलीय, उत्तर नाही. पहाटे अलार्म वाजला, टीटी टीटी, मला एकटीला. सवयीनं तोंडात "अहो" आलं.

हाक मारली नाही. उठले, त्यांच्या बाजूला गेले, खांद्याला हात लावला.